तुमच्या तोंडी नसलेलं वाक्य

प्रिय आप्पा,

तुमच्यावर सिनेमा काढतायत! हसू नका. नाशिकहून एक दाढीवाला दिग्दर्शक देवळ्याला आला होता. माझ्या ओट्यावर बसून त्याने तुमची सगळी चौकशी केली आणि जाताना एक प्रश्न टाकून गेला. उद्या त्याला उत्तर द्यायचंय, म्हणून लिहितेय. लग्नानंतर धाडलेली पत्रं तुम्ही न फोडताच परत पाठवलीत. हे तरी परत येणार नाही.

त्याची गोष्ट साधी आहे. बापाच्या मनाविरुद्ध लग्न केलेल्या लेकीला भेटायला नाशिकच्या गंगापूर रोडचा म्हातारा फुलमळेवाला सायकलवर देवळ्याला निघतो. तुमच्या मळ्यात आता बंगले उठलेत. मोगरा दुसरीकडे शोधावा लागणार, म्हणत होता.

एस.टी.ने आला असतात तर काय बिघडलं असतं? पण डिझेलच्या वासानेच तुम्हाला उलटी! सत्तरी उलटलेली, गुडघे दुखरे, तरी निघालात. पिंपळगावचा पंक्चरवाला त्याने शोधून काढलाय. तो सांगतो, "बाबांना म्हटलं, कुठं निघाले एवढ्या उन्हात? तर म्हणे, लेकीकडं. पोटातलं लेकरू गेलं तिचं."

लेक म्हणालात? माझं नावसुद्धा घरात काढू देत नव्हतात, आणि परक्या माणसाला लेक म्हणून सांगितलंत? हे मला आत्ता कळतंय, आप्पा!

भावडबारीचा घाट तुम्ही सायकल ढकलत चढलात. दिग्दर्शकाला तो फार आवडलाय. अडतंय ते शेवटापाशी. त्याच्या सिनेमात तुम्ही दारात हात जोडून म्हणता, "सुमे, माझं चुकलं. मला माफ कर." चालेल का, असं तो विचारत होता.

मी उठून आत गेले आणि पदर तोंडात कोंबून रडले. किती झुरले होते मी या वाक्यासाठी! नट का होईना, तुमची टोपी घालून कोणीतरी ते म्हणेल आणि मी थेटरात बसून ऐकेन. हो म्हणून टाकू का?

तुम्ही तसलं काही बोलला नव्हतात. सायकल भिंतीला टेकवलीत आणि म्हणालात, "ब्रेक लय ढिला झालाय." मी खाटेवर पडलेली. ज्यांचं तोंड पाहणार नव्हतात ते तुमचे जावई गडबडून उभे. तुम्ही माझ्याकडे धड पाहिलंही नाहीत. असा राग आला होता तुमचा!

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, हा आपल्याकडचा रिवाज. अक्काकडे जाताना तुम्ही घरून तांब्या भरून न्यायचात. तिला मुलगा झाला तेव्हा कुठे तिच्या हातचं पाणी प्यालात. मला तर डॉक्टरणीने सांगितलं होतं, आता पुन्हा मूल नाही. तेही तुमच्या कानावर गेलेलं. म्हणून मी पाणीसुद्धा विचारलं नाही. तुमचा नकार ऐकायची ताकद नव्हती.

तुम्ही आपणहून चुलीपाशी जाऊन बसलात. म्हणालात, "सुमे, भाकरी हाय का गं?"

सकाळची भाकरी होती, कांदा होता. भिंतीला धरून उठले आणि वाढली. तुम्ही खाल्लीत, वर पाणी प्यालात. दिग्दर्शकाला हे सांगितलं तर म्हणतो, "पण बाई, यात माफीचा संवाद कुठाय?"

दुसऱ्या दिवशी परत निघालात, ते कायमचेच. त्याच पावसाळ्यात गेलात. मला कोणी वेळेवर कळवलंही नाही. तेवढा राग अजून आहे.

पण आप्पा, शब्द देते. कितीही हवंसं वाटलं तरी ते वाक्य तुमच्या तोंडी घालू देणार नाही. सिनेमा नाही निघाला तर नाही. निघालाच तर शेवटी एक म्हातारा लेकीच्या चुलीपाशी बसून भाकरी खाईल, ताटली पुढे करील आणि तुम्ही म्हणालात तेवढंच म्हणेल, "अजून अर्धी दे."

तुमचीच लेक,
सुमी