डाव्या कोपऱ्याचा गुडघा

२३ डिसेंबर १९८८, शुक्रवार

किरकोळ रजेचा अर्ज मंजूर. कारण: 'अपरिहार्य कौटुंबिक कार्य'. कुमारी गटाची राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा उद्यापासून आमच्या डोंबिवलीच्या घरापासून सात मिनिटांवर, मानपाडा रस्त्याच्या मैदानात भरत असता अस्मादिकांनी कोलशेतच्या कारखान्यात भांडारपाल म्हणून रंगाचे डबे मोजत बसणे राष्ट्रहिताला बाधक ठरले असते.

सायंकाळी ओट्यावर प्रेक्षक-परीक्षण समितीची विधिवत स्थापना. अध्यक्ष: मी. सदस्य: नाना करमरकर, निवृत्त पोस्टमास्तर. गणसंख्या पूर्ण. दोनशे पानी नवी वही. सौ.ची प्रतिक्रिया: "खेळणार सतरा वर्षांच्या मुली, आणि धाप लागणार तुम्हा दोघांना."

दुपारची गोष्ट. काशिनाथ भोईर भांडारात आला. आमच्याकडे फिटर, बाळकुमचा. बापआजे खाडीत जाळी टाकणारे. त्याची वनिता आपल्या राज्याच्या संघात डाव्या कोपऱ्यात खेळते. याच स्पर्धेतून देशाचा कुमारी संघ निवडायचा असल्याने हा गृहस्थ आठवडाभर जमिनीवर नव्हता. आज मात्र दार लोटून हळूच म्हणाला, "साहेब, पोरीचा उजवा गुरघा सुजलाय. सरावात मुरगलला. कोनाला बोलली नाय ती. निवडवाल्यांना कललं तर गेली यादीतनं. तुमी घरचे, म्हनून सांगितला."

मी म्हणालो, "काशिनाथ, हे वक्षःस्थळ म्हणजे तिजोरी समज."

तो समाधानाने गेला.

२४ डिसेंबर, शनिवार

स्पर्धेस प्रारंभ. फळ्यांच्या गॅलरीत तिसऱ्या पायरीवर समिती स्थानापन्न. माती उत्तम मळलेली, पाणी बेताचे मारलेले. उद्घाटकांचे भाषण मात्र पाण्याचे प्रमाण चुकल्यासारखे.

आपला संघ पहिल्या सामन्यात चौदा गुणांनी विजयी. निरीक्षणे: कर्णधार: धीरगंभीर. चढाया: वेगवान, परतताना किंचित अविचारी. उजव्या कोपऱ्यातली रत्नागिरीची सुनंदा: लहानखुरी, परंतु कलहप्रिय. डावा कोपरा, वनिता: शिळेसारखी स्थिर. चढाई करणारी समोर आली की ही पापणीसुद्धा हलवीत नाही, आणि पुढच्या क्षणी ती चढाईवाली जमिनीवर. नानांनी दहापैकी आठ दिले. मी साडेआठ. पाव तास वाद.

खालच्या पायरीवर गळ्यात मफलर गुंडाळलेले एक मध्यमवयीन गृहस्थ होते. डोंबिवलीच्या डिसेंबरात मफलर, म्हणजे परगावचे. आमची चर्चा मान मागे वळवून आदराने ऐकत होते. इंदूरचे निघाले. समितीतर्फे चहा आणि बटाटेवडा. त्यांनी वड्याची यथोचित स्तुती केली.

२५ डिसेंबर, रविवार

पुन्हा विजय. नऊ गुण.

मफलरवाले आज आमच्याच पायरीवर. फार गुणग्राहक. असा श्रोता सव्वीस वर्षांच्या नोकरीत लाभला नाही, संसाराचे तर बोलूच नये. त्यांनी विचारले, "साहेब, ती डावीकडची मुलगी पकड करताना खाली बसून का नाही राहिली? काल तर घोट्याला झडप घालत होती."

प्रश्न मार्मिक. इतक्या मार्मिक प्रश्नाला उत्तर न देणारा अध्यक्ष काय कामाचा? स्वर खाली आणून (नानांच्या मते मुळीच न आणता) विवेचन केले: उजवा गुडघा आधीच सुजलेला, कालच्या खेळाने आता वाकत नाही. म्हणून घोटा सोडून कंबर धरते. प्रतिस्पर्ध्याने खोलवर येऊन तिच्या उजव्या अंगाने निसटावे, तिला वळता यायचे नाही. परंतु हे हेरण्यास दृष्टी लागते, आणि तशी दृष्टी या मैदानात...

गृहस्थ म्हणाले, "वा, साहेब. काय बात आहे."

घरी आल्यावर अंगी एक सात्त्विक तृप्ती.

२६ डिसेंबर, सोमवार

लिहिण्याची इच्छा नाही. तथापि लिहितो.

उपांत्य सामना. प्रतिपक्ष मैदानात उतरला, त्यांच्यामागे व्यवस्थापक. गळ्यात मफलर.

नाना माझ्याकडे पाहत राहिले. मी वहीकडे.

पहिली चढाई डाव्या कोपऱ्यात. खोल, आणि मग उजव्या अंगाने निसटून. दुसरीही तशीच, तिसरीही. चढाईवाली यायची, वनिताच्या पुढ्यात थांबायची आणि सोडवायला ठेवलेल्या गणिताकडे बघावे तशी तिच्या गुडघ्याकडे बघायची. मध्यंतरास आपण सहा गुणांनी मागे. चौथ्या चढाईनंतर वनिता उठली ती हाताचा टेकू घेऊन. लंगडणे साऱ्या गॅलरीला दिसले.

काशिनाथ शेजारीच बसला होता. तीनदा म्हणाला, "ह्यांना कसा कललं पन?" मी तिन्ही वेळा पेन्सिलीचे टोक तपासले.

उत्तरार्ध मात्र डोळ्यांत साठवून ठेवण्याजोगा. वनिताने शेजारच्या मुलीचा हात धरून साखळी केली, आणि चढाईवाली उजव्या अंगाने निसटू लागली की ही तशीच आडवी पडायची, थेट त्या गुडघ्यावर. एकदा. पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा पडली तेव्हा माझ्याकडून "बस कर गं" असे पुटपुटले गेले. पाच पकडी. दोन गुणांनी विजय. फळ्या मोडतात की काय असा नाच झाला, त्यात एक निवृत्त पोस्टमास्तरही होता.

मफलरवाले नंतर हात जोडून आले. "साहेब, तुमची मुलगी लोखंडाची आहे. मी व्यवस्थापक आहे हे सांगायचं राहून गेलं. तुम्ही विचारलंही नाही."

खरे आहे. मी विचारले नाही. श्रोता मिळाल्यावर त्याचा हुद्दा कोण विचारतो?

सौ.ला सर्व सांगितले. तिने फक्त, "काशिनाथला सांगितलंत?" असे विचारले.

२७ डिसेंबर, मंगळवार

विश्रांतीचा दिवस. मैदानाबाहेरच्या चहाच्या टपरीशी वनिता स्वतः आली. पट्टी पायजम्याखाली लपवलेली.

"काका, तुम्हीच बोललेलात ना?"

"कशाविषयी?" हा माझा क्षीण प्रयत्न.

"त्यांची कॅप्टन मला बोलली. गॅलरीतले चष्मेवाले अंकल, एकदम शुद्ध मराठीवाले. तसे डोंबिवलीत पाचशे असतील, पण वही घेऊन बसणारे एकच."

"अपराध मान्य."

"मान्य करून माझा गुडघा उतरणारे का? ऐका. उद्या फायनल बंगालशी. कालची मॅच त्यांनी बघितलीये. तुम्ही उद्या पण बोला. फक्त उलटं. बोला, लंगडणं नाटक होतं, कोपऱ्यात बोलवून पकडायचा डाव होता, पोरगी ठणठणीत आहे. त्यांच्या माणसांजवळ बसून बोला. निवड समितीवाले पण तिथेच मागे बसतात."

"आणि गुडघा?"

"तो माझा आहे ना." चहा संपवला. "बाबांना सांगू नका. परवापासून झोपले नाहीत. त्यांना सांगितलंय, बरा झाला."

उठताना बाकड्याचा आधार घेतला. माझे लक्ष आहे हे पाहून हात काढून घेतला आणि सरळ चालत गेली. फाटकापर्यंत सरळ. फाटकाच्या पुढचे मला दिसले नाही.

२८ डिसेंबर, बुधवार

अंतिम सामना. सव्वीस वर्षांत भांडाराच्या नोंदवहीत एकही असत्य नोंद नसलेला मनुष्य बंगालच्या मंडळींशेजारी जाऊन बसला. तोंड उघडणार तोच नाना कानाशी लागले: "अहो, त्यांना मराठी कुठे येतंय?"

हा विचार समितीने केला नव्हता. हिंदीचा आश्रय घेतला. "महाशय, वाम कोण की बालिका पूर्णतः निरामय है। परसों की पीड़ा केवल अभिनय थी।"

मागे आपली पोरे हसली. परंतु धोतर नेसलेले एक वृद्ध बंगाली गृहस्थ गर्रकन वळले. "ओभिनय?"

"शुद्ध अभिनय।"

त्यांनी मान डोलावली. माझ्या ज्या हिंदीतले अक्षरही कारखान्यातल्या हमालांना कळत नाही, ती बंगालला तत्काळ कळली. वृद्ध उठून त्यांच्या संघाकडे गेले. मागे निवड समितीतल्या एकाची पेन्सिल थबकली आणि पुन्हा चालू लागली.

मग काय झाले? वनिताच्या कोपऱ्याकडे कुणी फिरकेना. बंगालच्या साऱ्या चढाया उजवीकडे. लहानखुरी सुनंदा झुंज झुंज झुंजली आणि पाचदा बाद झाली. वनिता डाव्या कोपऱ्यात नुसती उभी. गुडघा सुरक्षित. कोपरा अभेद्य. अध्यक्षांचे असत्य शंभर टक्के यशस्वी, आणि आपण चार गुणांनी मागे.

शेवटची पाच मिनिटे. वनिता कर्णधाराशी काही बोलली. कर्णधाराने नकारार्थी मान हलवली. वनिता पुन्हा बोलली. आणि जागा बदलून उजव्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली, सुनंदाला डावीकडे पाठवून.

एव्हाना आमच्या पायरीवर सरकलेला काशिनाथ म्हणाला, "ही तिथं कशाला गेली?" मला ठाऊक होते. मी बोललो नाही. (सौ. असती तर नोंद घेतली असती.)

तीन पकडी. शेवटची एकटीने, साखळीवाचून, घोट्याला झडप घालून. काल जो गुडघा बाकड्यावरून उठताना वाकत नव्हता, तो वाकला.

एका गुणाने हरलो. पण शिट्टी झाल्यावर बसून राहिलेला माणूस साऱ्या गॅलरीत एकही नव्हता. बंगालचे ते वृद्धसुद्धा उभे. काशिनाथ रुमालाने नाक पुसत मैदानावरच्या धुळीविषयी तक्रार करीत होता. धूळ कसली? माती तर ओली होती.

सुनंदा वनिताच्या गळ्यात पडून रडत होती. वनिता तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहून म्हणाली, "काका, तुमचं बोलणं फारच लागू पडतं हो."

२९ डिसेंबर, गुरुवार

कारखान्यात हजर. साहेबांनी विचारले, कौटुंबिक कार्य कसे झाले? म्हणालो, उत्तम, मुलीकडचे अपेक्षेपेक्षा थोर निघाले.

समितीचा अंतिम अहवाल. संघ: अशा मुली आपल्या राज्यात निपजतात याबद्दल समिती छाती फुगवून घेत आहे, त्यात समितीचे कर्तृत्व शून्य. सुनंदा: दहापैकी नऊ, नाना सहमत, वाद नाही. वनिता भोईर: गुणांचा रकाना रिकामा. नाना म्हणाले, दहा द्या. मी म्हणालो, दहा तर आपण उद्घाटकांच्या भाषणासाठी टाळ्या वाजवणाऱ्यांनाही दिले असते.

काशिनाथशी अजून बोलणे झालेले नाही. आज दोनदा भांडारात आला. एकदा वॉशर मागायला, एकदा उगीचच.

५ जानेवारी १९८९, गुरुवार

यादी आली. देशाच्या कुमारी संघाच्या शिबिरासाठी वनिता भोईर. सुनंदा राखीव. कारखान्यात पेढे. काशिनाथ एरवी पायरीवर बसतो, आज खुर्चीवर बसला.

संध्याकाळी घरी आला, खाडीच्या जिवंत चिंबोऱ्या (खेकडे) घेऊन. सौ.ने शेजारच्या करमरकरांना कळणार नाही अशा बेताने खिडक्या लावल्या. काशिनाथने पिशवीतून शिबिराचा फॉर्म काढला. "साहेब, तुमचा अक्षर चांगला. पोर बोलली काकांकडूनच भरून आन."

भरू लागलो. नाव. वडिलांचे नाव. जन्मतारीख. गाव. उंची. अकरावा रकाना: सध्या कोणतीही दुखापत असल्यास तपशील. खाली पालकाची सही.

इथे थांबलो.

तेव्हा सांगितले. मफलर, बटाटेवडा, तिजोरी, सर्व. काशिनाथ चिंबोऱ्यांच्या पिशवीकडे पाहत होता. ती हलत होती.

"म्हंजे तुमी."

"मी."

"मी पोरीच्या आईला दोष देत होतो. बोललो, बाजारात बोलली असशील कुठं." मग, "जाऊ द्या. तुमी बोलला नसता तं तिनं शेवटची पकड कुठं केली असती?" हे त्याने माझ्यासाठी म्हटले, हे दोघांनाही कळले. मग फॉर्मवर बोट ठेवले, "पन आता खरा सांगा. नाना बोलले, गॅलरीत तुमीच बोललात, लंगडनं नाटक होता. पोर पन बोलते बरा झाला. बरा झाला ना गुरघा? महिनाभर तिथं रोज सराव हाय. कायमचा गेला तं?"

मी म्हणालो, फॉर्म ठेवून जा, सकाळी देतो.

"तुमी लिवाल तिथं मी सही करीन," म्हणाला आणि गेला. जाताना सौ.ला चिंबोऱ्या कशा मोडायच्या ते दाखवून गेला.

वनिताने मलाच फॉर्म का पाठवला? काका खोटे लिहितील म्हणून, की काकांना खोटे लिहवणार नाही म्हणून? गुडघा तिचा आहे. सही बापाची. अक्षर माझे.

सौ. म्हणाली, "एवढं बोलता, आणि एक ओळ लिहवत नाही?" मी म्हणालो, नाही. ती दिवा जवळ सरकवून आत गेली.

वीस रकाने भरून झाले. अकरावा कोरा. काशिनाथ आठला येणार, फॉर्म दहाच्या आत ठाण्याला पोचायचा. पेनात शाई भरून ठेवली आहे.