जम्बोचं उजवीकडचं दार

अण्णा, परवाच्या दसऱ्याला आईने विमानाची पूजा केली. खरंखुरं नव्हे हो, माझं मॉडेल. तुम्ही ज्या जम्बो विमानांत जेवणाच्या ट्रॉल्या चढवायचात, ती सगळी कधीच रिटायर होऊन भंगारात गेली. आता त्यांची दीड वीत लांबीची, धातूची, हुबेहूब मॉडेलं मिळतात. सीवूड्सचे एक काका ती जमवतात, त्यांच्याकडून मी एक आणलं. मला एकच बघायचं होतं, एवढ्या मोठ्या धुडात तुम्ही नेमके उभे कुठे राहायचात? लहानपणी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "कुठं म्हणजे? ड्यूटीवर!" आणि आमटी भुरकायला लागायचात. अस्सा राग यायचा मला.

तर मॉडेल आणल्यापासून मी शोधतेय. शिडी डाव्या बाजूला लागते, एवढं ठाऊक. म्हणून तिथल्या एकेका दारात तुम्हाला मनातल्या मनात उभं करून बघतेय. काकांनीही बजावलेलं, "मॅडम, डावी बाजूच पुढे ठेवा. शोभा तिचीच."

आणि परवा मी झेंडू घेऊन कोपरखैरण्याच्या घरी येते तर काय! मिक्सर झाला, स्कूटर झाली, आणि आईने विमानालाही हळदकुंकू लावलेलं. तेही भिंतीकडच्या बाजूला, एकाच दाराला. मी ओरडलेच, "अगं आई, लिमिटेड पीस आहे तो! आता मॉडेलं जमवणारा कोण हात लावेल याला?"

"नाय लावला तर नाय. ह्यांचं दार हाय ते."

"तुला काय माहीत?"

"मला नेलं होतं की एकदा. घरच्यांना विमान दाखवायचा दिवस होता तवा. पाशिंजर डावीकडनं, जेवण उजवीकडनं. त्या वर उचलणाऱ्या ट्रकातनं नेलं. मी ट्रकाचा कठडा सोडंना, आन् हे दारात उभं राहून हसतायत. म्हणले, ये, हात दे."

हात दे! अण्णा, तुम्ही असंही बोलायचात? आम्हाला कसं कधी ऐकू आलं नाही? मग पुढे काय झालं? खिडकीशी बसवलंत तिला? आईला विचारलं तर या वयात लाजली आणि कुकर लावायला निघून गेली. आता हे तुमच्याशिवाय कोण सांगणार?

लिहून झालं, पण तुम्ही गेलात तिथे पोचायला हे टाकायचं कुठल्या टपालपेटीत? राहू दे माझ्याकडेच. एक मात्र कबूल करते. मला विमानांचं काडीचंही वेड नाही, अण्णा. तुमची फार आठवण येते, आणि तसं आईसमोर म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून विमान आणलं.