“पुसली” एवढंच वाचलंस

बुधवार, दुपार

दादा,

नमस्कार. मी मावशीकडे आहे, बरी आहे, जेवतेखाते आहे. तुझा गुडघा कसा आहे? आधी खुशाली विचारायची असते म्हणून विचारलं. आता मुद्द्याचं.

“प्रोग्राम बंद पडलाय, येऊन जा.” झाल्या प्रकारानंतर तुझा हा पहिला निरोप! “चुकलं” वगैरे काही नाही. वाचून माझा नुसता तिळपापड झाला.

तो प्रोग्राम मी कशासाठी लिहिला, आठवतंय? आपल्या कारखान्यात दरवाजाचं डिझाइन तू बदलायचास, मशीनवर जुनंच कापलं जायचं आणि तू मशीनवाल्या काकांवर खेकसायचास. म्हणून मी कॉम्प्युटरवर ती काळी खिडकी बनवली. ना बटण, ना चित्र. एक ओळ टाइप केली की ती डिझाइनच्या फोल्डरवर डोळा ठेवून बसते. फाइल बदलली रे बदलली की ताजी प्रत मशीनकडे.

सुरुवातीला ती एका सेव्हनंतरच आंधळी व्हायची. शोधून शोधून डोकं पिकलं, तेव्हा कळलं की आपलं डिझाइनचं सॉफ्टवेअर जुन्या फाइलवर लिहीतच नाही. शेजारी नवी फाइल करतं, जुनी पुसतं आणि तिचं नाव नवीला देतं. माझा प्रोग्राम बिचारा गेलेल्या फाइलची वाट बघत बसायचा! मग मी त्याला एकेका फाइलऐवजी अख्ख्या फोल्डरवर नजर ठेवायला लावली. म्हणून प्रत्येक सेव्हला पडद्यावर दोन ओळी येतात. “पुसली”, आणि लगेच खाली “नवीन आली”. हे मी तुला समजावलं होतं. तू फोनवर बोलता बोलता मान डोलावलीस.

आणि सोमवारी त्यातलं फक्त “पुसली” वाचलंस. मी दुसऱ्या कारखान्यात मुलाखत देऊन आले हे तुला कुठूनसं कळलं होतंच. झालं, सुतावरून स्वर्ग गाठलास. सगळ्या कामगारांसमोर ओरडलास, “आपली डिझाइनं पुसून चाललीये ही! तिकडे नेऊन विकणार!” माझ्या हातातून कारखान्याची किल्ली काढून घेतलीस. अरे, फोल्डर उघडून बघायचं होतंस! सगळी डिझाइनं जागच्या जागी होती. सख्ख्या बहिणीसाठी तेवढी तसदी घेतली नाहीस.

मुलाखतीला का गेले तेही विचारलं नाहीस. गेले, कारण तुझ्याकडे कुणी आलं की तू माझी ओळख “ही मदतीला येते” अशी करून देतोस.

तुझं ओरडणं मी गिळलंही असतं, लहानपणापासूनची सवय आहे. पण आई... आईबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. ती दारात उभी होती. हळूच म्हणाली, “खरं का गं?” तुला नाही विचारलं. मला विचारलं. तेव्हापासून तिचा फोन मी उचलत नाही. उचलला तर रडू येईल, आणि मला रडायचं नाहीये, भांडायचंय.

प्रोग्राम बंद पडलेला नाही. रागाच्या भरात तूच खिडकी बंद केलीस. सुरू करायची ओळ मी काकांना सांगितली आहे, त्यांचं काम अडायला नको. म्हणजे आता कामासाठी मी तुला लागत नाही. बोलवायचं असेल तर बहीण म्हणून बोलाव. त्याच कामगारांसमोर, त्याच आवाजात “माझं चुकलं” म्हण. आई ऐकत असताना म्हण.

तोवर तिला माझा नमस्कारही सांगू नकोस. आणि खाली “तुझी” लिहायला आज हात वळत नाही.

धाकटी