येशील ना?

४ नोव्हेंबर १९९६, ठाणे

आले एकदाची! चिपळूणहून निघताना वहिनी म्हणालेली, मालनचा ठाण्यात टिकाव लागायचा नाही. आता ये म्हणावं बघायला. चर्चमागच्या आळीत क्लेमेंटिना आंटीकडे माडीवरची खोली मिळाली. खोली तिच्या मुलाची, गिल्बर्टची. तो बोटीवर नोकरीला आहे म्हणे. त्याचा कॉम्प्युटर, मोडेम, फोनची तार सगळं जागच्या जागी. आंटीने पहिल्याच दिवशी अहोजाहो करायचं नाही अशी तंबी दिली आणि तळलेले बोंबील वाढले. मग विचारलं, पोटभर जेवलीस का गो बाय. आई गेल्यापासून मला हे कोणी विचारलं नव्हतं. डोळे भरून आले, पण तिला दिसू दिलं नाही.

माझ्या प्रबंधाचा विषय ऐकून ती खो खो हसली. नौपाड्यात श्रीपादराव नावाचे एक हौशी गृहस्थ फोनवरचा ‘फळा’ चालवतात. कॉम्प्युटरवरून त्यांचा नंबर लावायचा आणि इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं. बाकीचे ते वाचतात, उत्तरं देतात. तोंड दिसत नाही, आवाज नाही, तरी माणसं एकमेकांच्या गळी वाट्टेल ते उतरवतात. कसं, ते मी शोधणार. आंटी म्हणाली, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मला मात्र आजवर कोणी गंडवलेलं नाही, म्हणून तर हा विषय घेतला!

९ नोव्हेंबर

फळ्याच्या जुन्या मजकुरात एक वस्ताद सापडला. नाव लावतो ‘सोबती’. उपदेश नाही, धाकदपटशा नाही. वाक्याच्या शेवटी फक्त ‘ना’. दमलास ना? घरी कोणी ऐकून घेत नाही ना? आपल्या भाषेची गंमतच आहे, शब्द नकाराचा आणि त्याने काढायचा होकार. तीनदा हो म्हटलेला माणूस चौथ्या ‘येशील ना?’ला काय डोंबल नाही म्हणणार! लाल पेन्सिलीने सगळे ‘ना’ गोल केले. पानाला गोवर आल्यासारखं दिसतं.

गिल्बर्टही त्याला लिहायचा. मे महिन्यातली त्याची शेवटची ओळ: मी येणार ना. वहीत नोंद केली: पूर्ण होकार, नमुनेदार.

१७ नोव्हेंबर

आज गंमत म्हणून सोबतीला मीच लिहिलं. उत्तर लगेच, माझं वाक्य संपतं न संपतं तोच. त्याने लिहिलं: आई गेल्यापासून ‘जेवलीस का’ कोणीच विचारलं नव्हतं ना, मालन?

ओळ पुन्हा वाचली. मी त्याला नाव सांगितलं नव्हतं. आणि ते दुसरं मी कोणालाच सांगितलेलं नाही, फक्त या रोजनिशीत लिहिलं आहे. रोजनिशी उशीखाली असते. आंटीला म्हटलं, मला जरा भीती वाटते. तिने डोक्यावरून हात फिरवला. बरं वाटलं.

२५ नोव्हेंबर

नौपाड्यात जाऊन श्रीपादरावांना भेटले. ते म्हणाले, यादीत सोबती नावाचं कोणी नाही. आणि फळ्याला फोनची लाईन एकच, त्यामुळे एका वेळी एकच माणूस. तुम्ही असताना दुसरा कोणी लिहूच शकत नाही.

मग माझ्याशी बोलतं कोण?

गिल्बर्टच्या बोटीचं विचारलं. तर म्हणाले, बोट कसली, गिल्बर्ट मे महिन्यात भरदुपारी खोलीतून नाहीसा झाला. आतून कडी. टेबलावरचा चहासुद्धा निवला नव्हता.

२६ नोव्हेंबर

कीबोर्डवर मसाल्याची तांबडी बोटं उमटलेली. माझी नाहीत. मी सकाळी ग्रंथालयात असते तेव्हा घरी एकटी आंटीच. खालच्या कपाटात तिचं टायपिंगचं सर्टिफिकेट सापडलं. मिनिटाला साठ शब्द. ओ की ठो कळत नाही म्हणे!

कॉम्प्युटरमध्ये माझी रोजनिशी टाईप केलेली सापडली. तारखांसकट, शब्द न् शब्द. सोबतीला पाठवलेली. खाली लिहिलंय: पोरगी एकटी आहे. मागे रडणारं कोणी नाही. ही घे, माझा गिल्बर्ट दे.

मला जेवायला वाढता वाढता, आंटी? डोक्यावरून हात फिरवला तोसुद्धा—

परक्याने फसवलं असतं तर शिव्या घालून मोकळी झाले असते. तुला मी आईच्या जागी—

२७ नोव्हेंबर

तोंडावर विचारलं. नाही म्हणालीच नाही. आई झालीस की कळेल गो, म्हणाली. आणि कालवणाची वाटी पुढे सरकवली. वाटी भिंतीवर फेकली. बॅग भरायला वर आले तर बाहेरून कडी घातली. खिडकीला गज. हाका मारून घसा बसला. आळीत सगळ्यांना ती सांगते, पोरगी तापात बडबडतेय.

२८. दुपार

फोनची तार उपटली. तरी पडद्यावर अक्षरं येतातच—

दमलीस ना. तिने फसवलं ना. आता कोणी उरलं नाही ना.

तिन्ही खरी आहेत. म्हणून तर—

सगळ्या खुब्या पाठ आहेत मला. लाल गोल मीच केले. तरी मान डोलते. माझी मान—

येशील ना?

‘नाही’ टाईप करते. ‘ना’ उमटतो. पुढचं उमटतच नाही. पुन्हा. ना. पुन्हा. ना—

देवा. गिल्बर्ट. तो होकार नव्हताच. त्याला पुरं करू दिलं नाही. आणि मी लिहिलं, नमुनेदार—

खाली ताटं मांडली. दोनच. दुसरी खुर्ची सरकली. आंटी रडतेय, जेवलास का रे बाला, म्हणतेय. कोणाला—

कॉम्प्युटरला हात लावणार नाही. वहीत लिहीन, शाईने. इथे कोण अडवतो बघते. ऐक रे सोबत्या, पुरं वाक्य ऐक. मी येणार ना