पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह

दिंडोशी

प्रिय पप्पा,

तुम्हाला जाऊन आठ महिने झाले आणि आज पहिल्यांदा लिहितेय. निमित्त चांगलं नाही. उद्या माझी लिनिअर अल्जिब्राची परीक्षा आहे. एमएस्सीचा हा तोच पेपर, ज्यात पास झाले असं मी तुम्हाला सांगितलं होतं. झाले नव्हते. केटी लागली होती, म्हणजे पेपर पुन्हा द्यायचा होता. तुमच्याशी धडधडीत खोटं बोलले मी.

अभ्यासाला तीच निळी वही काढली. आठवते ना? मरोळच्या गाळ्यातून आलात की चहा घेता घेता तुम्ही ती मांडीवर उघडायचात आणि मी समोर उभी राहून प्रूफ घडाघडा म्हणायचे. तुमचं शिक्षण सातवी, पण जन्मभर गाळ्यात ड्रॉइंगशी ताडून माल तपासलेला. एक खूण सुटली तरी तुमची पेन्सिल थांबायची. लॅम्डा या ग्रीक अक्षराला तुम्ही चालणारा माणूस म्हणायचात. "सुजे, चालणारा माणूस राहिला बघ." मैत्रिणींसमोर मी तुमच्या त्या बोलण्याची नक्कल करायचे. तेही आज सांगून टाकते.

एकदा तुम्ही मध्येच थांबवलंत. "वर ह्या बरोबरच्या खुणेवर काट आहे. खाली तेच अक्षर, पण काट नाय. दोन्ही खरं कसं असेल गं?"

"पप्पा, तुम्ही फक्त अक्षरं जुळवा ना. बाकीचं तुम्हाला नाही कळणार."

"बरं, म्हण पुढे," एवढंच म्हणालात.

तोंडी परीक्षेत मॅडमनी नेमकं तेच प्रूफ विचारलं आणि त्याच ओळीवर थांबवलं. "वर म्हणालीस व्ही शून्य नाही. इथे तर व्ही शून्य आला. मग काय झालं?" मी पाठ केलेली पुढची ओळ म्हटली. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तीच ओळ म्हटली.

अहो, दोन्ही खरं असूच शकत नाही, म्हणून तर सुरुवातीला धरलेली गोष्ट चुकीची ठरते! सगळं प्रूफ तेवढंच आहे. तुम्हाला ते चहा पिताना दिसलं होतं. आणि मी तुम्हाला काय म्हणाले होते?

निकालाच्या दिवशी तुम्ही दारातच उभे होतात. तोंडातून "झाले पास" निघून गेलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही गाळ्यात पेढे वाटलेत. मार्कशीट का नाही हो मागितलीत? साधा बोल्टसुद्धा कधी न बघता पास केला नाहीत तुम्ही.

केटी सुटली की सांगू, असं ठरवलं होतं. त्याआधीच तुम्ही गेलात. आई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "पोरीचा निकाल तरी बघून गेले." मी तिथेच बसलेली असते. मान वर होत नाही.

आज त्या पानावर बघितलं. त्या ओळीशेजारी पेन्सिलीने काढलेलं बारीकसं प्रश्नचिन्ह आहे. माझ्याशी वाद घातला नाहीत, पण खूण करून ठेवलीत. मला फार लाज वाटतेय, पप्पा.

हे पत्र संपलं की आत जाऊन आईला खरं सांगणार आहे. रडेल, बोलेल, ते ऐकून घेईन. मग वही तिच्या हातात देईन, प्रूफ म्हणेन आणि तुमच्या खुणेपाशी थांबून तिला समजावेन. निकाल काहीही लागो, मार्कशीट तुमच्या फोटोसमोर ठेवेन. या वेळी न तपासता पास करू नका.

तुमची,
सुजू