ज्यानं घडवला, त्याच्याही घरात

निघोजे, चाकण
दि. ११ ऑगस्ट २०२४

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. फोन केला की मामा स्पीकर लावतो आणि अख्खं घर भोवती बसतं. त्यात हे बोलता येत नव्हतं. आठवीपर्यंत शिकलेल्याचं अक्षर आहे, सांभाळून घे.

काल सुट्टी होती. खोलीत आम्ही पाच जण. त्यातला नवनाथ माझ्या शेजारच्या मशीनवर असतो, परांड्याचा आहे. त्याला फोनवर जुन्या जाहिराती बघायचा नाद. साबण, स्कूटर, एकामागून एक. कुणी कुकर घेऊन घरी येतो तर अख्खी गल्ली बघायला गोळा होते. आम्ही पोट धरून हसलो, पण मला मधेच कसंतरी झालं. मी शिफ्टभर मशीनमधून गाडीच्या आरशांची प्लास्टिकची कव्हरं काढतो. ती गाडी कुणाच्या दारात उभी राहते, ते मी अजून बघितलेलं नाही.

मग मनोरमा टीव्हीची लागली. कंपनीच्या निळ्या कपड्यातला माणूस घरी येतो, गोरी बाई पाणी देते, मुलगा आणि मुलगी त्याच्या गळ्यात पडतात. सगळे टीव्हीसमोर बसतात आणि आवाज येतो, ‘मनोरमा. ज्यानं घडवला, त्याच्याही घरात.’ नवनाथ म्हणाला, भावा, हा तर तूच आहेस मिशी लावून.

मी पाचवीत असताना तू एकदाच बोलली होतीस, की तुझा बाप टीव्हीत दिसला, दुसऱ्या घरात. हाच ना तो? जाहिरातीखाली लोकांनी लिहिलंय, काय दिवस होते, किती साधी माणसं. त्यातच कुणा सोपानरावांनी लिहिलंय, हा आमच्या लाइनवरचा ज्योतीराम, आता रावेतला वॉचमन आहे. रावेत इथून तासाभरावर. मी जाणार आहे. तू नको म्हणणार हे माहीत आहे, तरी विचारल्यासारखं करतोय.

माया आहेच, ती कमी करू नकोस.
तुझा,
निरंजन


पाथरूड, ता. भूम
दि. २० ऑगस्ट २०२४

चि. निरंजन यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोस्टमननं माझ्याच हातात दिलं. अक्षर बघून हसू आलं, चौथीवाल्या आईचं बरं म्हणायचं.

तोच तो. पण जाऊ नकोस. तुला अर्धंच माहीत आहे.

तुझ्या वेळेला मी बाळंतपणासाठी इथं माहेरी आले. तू चार महिन्यांचा होतास. कौशल्याबाईच्या घरी टीव्ही होता, तिथं आम्ही बायका मालिका बघायला जमायचो. मधेच ती जाहिरात लागली. मला आधी केवढा आनंद झाला, आपला माणूस टीव्हीत. मग ती बाई पाणी घेऊन आली. सिनेमावाले सोंग करतात एवढं मलाही कळत होतं. पण हा काय सिनेमावाला होता? कामगार खरा, कपडे कंपनीचे खरे, आणि बोलणारा म्हणत होता हे त्याचं घर. पिंपरीला कंपनीत लागून तीन वर्षं झाली तरी खोली बघतो, बघतो म्हणून मला त्यानं नेलं नव्हतं. कौशल्याबाई म्हणाली, “अंबू, तुझी सवत गोरी आहे गं.” सगळ्या हसल्या. मी त्या मुलांकडे बघत होते. सहा-सात वर्षांची असतील, माझं लग्न होऊन चार. म्हणजे ती माझी सवत नव्हती बाळा, मी तिची होते.

दिवाळीला तो आपल्याला न्यायला आला. मी चुलीपुढून उठले नाही. मामानं त्याला गल्लीतूनच माघारी लावला.

त्या बाईच्या दारात तू तोंड पाडून उभा राहू नकोस, एवढं माझं ऐक. आणि कंपनीतला चहा पिऊन जेवण टाळत असशील तर ते बंद कर.

तुझी वाट बघणारी,
आई


निघोजे
दि. २ सप्टेंबर २०२४

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही. गेलो. रागव, पण पत्र पुरं वाच.

बावीस मजली सोसायटी आहे, गेटवर ते बसतात. मला म्हणाले, वहीत नाव लिहा. मी निरंजन ज्योतीराम लिहिलं. त्यांनी वही फिरवून वाचली आणि कितीतरी वेळ बोट त्यावरच ठेवलं. मग स्वतःची खुर्ची मला दिली.

मी तोंडावरच विचारलं, ती बाई कुठाय. त्यांना आधी कळेचना. जाहिरातीतली म्हटल्यावर म्हणाले, “तिचं तर नाव बी मला ठाऊक नाही.”

आई, ते घर कंपनीच्या कँटीनमध्ये प्लायवूडचं उभं केलं होतं. खरा कामगार पाहिजे म्हणून साहेब लाइनवरून फिरले आणि ह्यांचे दात बघून ह्यांना उचललं. बाई मुंबईहून आणलेली, मुलं आणखी कुणाची. ताटातल्या जेवणाला हात लावायचा नाही, चकाकावं म्हणून त्यावर तेल लावलेलं. ती बाई दिवसभरात त्यांच्याशी एकदाच बोलली, “भाऊ, पाय जरा आत घ्या.” संध्याकाळी घर मोडलं, टीव्हीसुद्धा परत आत गेला. त्यांना त्या दिवसाचा ओव्हरटाइम मिळाला.

गावाकडे कुणी काय बघितलं ह्याचा त्यांना पत्ताच नव्हता. न्यायला आले, तेव्हा मामानं कारण सांगितलं नाही. पुढच्या वर्षी परत आले तर काठी दाखवली. त्यांना वाटलं, शहरात नेलं नाही म्हणून तू कायमची रुसलीस. पुढं कंपनी बंद पडली. लग्न त्यांनी दुसरं केलं नाही. पार्किंगमागच्या खोलीत एकटेच राहतात.

ती जाहिरात त्यांनी कधी बघितलीच नव्हती. मी त्यांच्या फोनमध्ये घालून दिली, तर चारदा बघितली. मी विचारलं, आईला आणू का. त्यांनी मान हलवली. ती होयचीच होती.

मी पुनावळ्याला एक खोली बघून ठेवलीय. तिघांना पुरेल. दसऱ्यानंतर ये. मला एकदा आपण तिघं एका घरात बसलेलं बघायचंय, दुसरं काही मागत नाही.

ये, एवढीच विनंती.
तुझा,
निरंजन


पाथरूड
दि. १९ सप्टेंबर २०२४

चि. निरंजन यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र गोठ्यात बसून वाचलं. दोन दिवस घास उतरला नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना हसू फुटलं, वहिनी म्हणाली वेड लागलं हिला. ती टीव्हीतली बाई भाऊ म्हणाली त्याला! मग सत्तावीस वर्षं मी भांडले कुणाशी? रोज सकाळी उठून त्या गोऱ्या बाईला शिव्या दिल्या, त्या जोरावर ह्या घरातली भांडी घासली. आता उठून काय करायचं ते समजत नाही.

म्हणून येते. मामाला सांगितलंय, तुला कावीळ झालीय. कुणी कारण विचारलं असतं तर मी चुलीपुढून उठले असते, हे तुझ्या बापाला तू सांगू नकोस. मीच सांगेन. त्याला शेंगोळे आवडायचे, ते दात अजून आहेत का विचार. ब्लाउज शिवायला टाकलाय. हसू नकोस.

येणारी,
आई


निघोजे
दि. ६ ऑक्टोबर २०२४

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

येऊ नकोस.

तू येतेस हे सांगायला काल रावेतला गेलो. गेटवर सोसायटीतल्या एक बाई बाबांच्या फोनमध्ये जाहिरात बघत होत्या. मला म्हणाल्या, काका कितीतरी वर्षं सांगायचे, माझी बायको अशी, मुलं अशी, आमचं घर टीव्हीत आलं होतं. आम्हाला थापच वाटायची हो. आता सगळ्या सोसायटीनं बघितलं. मग माझं तोंड न्याहाळून त्यांनी विचारलं, गळ्यात पडणारा तो हाच का?

बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “ह्यो त्योच.” बाईंनी विचारलं, ह्याची आई कुठे असते. ते म्हणाले, “ती वारली.” बाईंना वाईट वाटलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला त्यांनी. मी तो हात तसाच राहू दिला, आई.

बाई गेल्यावर मी भांडलो. मग त्यांनी सांगितलं. कामावर आले त्या दिवशी कुणीतरी विचारलं, घरी कोण असतं. कुणी नाही म्हणवेना, तर ते जाहिरातीतलं घरच तोंडात आलं, आणि मग तेच सांगत राहिले. आता सोसायटीतली पोरं त्यांना हात करतात, बायका सणाचं ताट आणून देतात. तुझं पत्र मी वाचून दाखवलं, तू सांगू नको म्हणालीस तेवढं सोडून, शेंगोळ्यांचंसुद्धा. त्यांचे डोळे भरले. मग म्हणाले, “ती आली तर मी सांगू काय लोकांला, ही कोण म्हणून?”

खोलीवाल्याला मी नको म्हणून कळवलं. मामाला सांग, कावीळ उतरली. माझा कंपनीतला करार महिनाअखेर संपतोय, नवनाथ गुजरातेत एक काम आहे म्हणतो, तिकडे जाईन. तो ब्लाउज मात्र शिवून घे, आणि घाल.

मला विसरू नकोस.
तुझा,
निरंजन