कॅमेरा आला आणि नळाला पाणी आलं

खालचा पाडा, दाभोशाकडचा

तीर्थस्वरूप हेमराजदादास,

धाकट्या रंजनाचा वाकून नमस्कार. वहिनीची कंबर आता कशी आहे? आम्ही सगळे ठणठणीत, फक्त तहानलेले. फोनच केला असता, पण रेंज मिळते त्या टेकाडावर माघ्याची बायको आधीच कान टवकारून बसलेली असते (माघ्या म्हणजे आमच्या पाड्याच्या पाण्याचा वॉल्व्ह सोडणारा), म्हणून हे पत्र.

सोमवारी मुंबईहून माहितीपटवाले आले. आमचा नळ होळीपासून कोरडा आहे, तो जगाला दाखवणार म्हणे. मी हरखले. पण अंगणात कॅमेरा मांडला आणि नळाला धो धो पाणी! माघ्या भांग पाडून कोपऱ्यावर उभा. हा योगायोग असेल तर मी जव्हारची राणी.

दिग्दर्शकबाईंचं तोंड उतरलं. वाहता नळ दाखवला तर आमचे हाल लोकांना खोटे वाटतील, म्हणाल्या. मग खऱ्याची तयारी सुरू झाली. माझ्या चपला काढायला लावल्या, पंखा बंद केला, सासूबाईंना दूर डोंगराकडे बघायला सांगितलं (तिकडे काहीही नव्हतं, मी बघून आले). कॅमेरावाला चांगला धडधाकट, पण मुद्दाम हात हलवत होता. हलतं ते लोकांना खरं वाटतं म्हणे!

शेवटी बाई सासूबाईंना म्हणाल्या, रोजच्यासारखा हंडा घेऊन विहिरीवर चला. सासूबाईंनी पदर खोचला. "घरात पानी आलाय, त इहिरीवर कशाला जाव? तूच जा, तुझा फोटो मी काढीन." आणि पिंपापासून चहाच्या कपापर्यंत सगळं भरून घेतलं.

मला मात्र राग आला, दादा. होळीपासून रोज ती चढण चढतेय, तेव्हा बघायला कुणी नव्हतं. आता बघायला आले, तर पुरावा म्हणून पुन्हा चढायचं! तरी चढले. दमून शेवटच्या खेपेला विहिरीवरून हंडा रिकामाच आणला, तर तीच खेप त्यांना सगळ्यात खरी वाटली. मग चहा पिऊन मंडळी निघाली. जीप वळणाआड गेली आणि नळ घरघरून बंद पडला. माघ्या म्हणतो, प्रेशर गेलं.

मोठ्यांना नमस्कार, पोरांना पापे.

तुझी,
रंजना

ता. क. वहिनीला निरगुडीचा शेक दे.

आणखी एक. लग्नाच्या शूटिंगचा तुझा जुना कॅमेरा मोखाड्याच्या दुकानात पडून आहे ना? मिळेल त्या जीपने पाठव. बिघडलेला चालेल, लाल दिवा तेवढा लागू दे. नळासमोरच मांडून ठेवते. मागे टोपी घालून उभा राहायला एखादा माणूसही धाड. तू येऊ नकोस, तुला माघ्या ओळखतो.